हॅम्बुर्ग : न केलेल्या प्रवासाचे टिपण

मराठीत प्रवासवर्णन भूतकाळात लिहिण्याची रीत आहे. लेखक जाऊन येतो, सामान उतरवतो आणि मग आठवत आठवत लिहितो. माझ्यासमोर सध्या जो कागद आहे तो मात्र भविष्यकाळातला आहे. युरोपच्या व्हिसासाठी अर्ज करताना प्रवासाचा दिवसवार आराखडा जोडावा लागतो. जर्मनीत हॅनोवरजवळ नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने त्यासाठी एक तक्ता आखून पाठवला. त्यात तीन रकाने आहेत : दिनांक, मुक्काम, प्रेक्षणीय स्थळ. भाच्याकडचे दिवस भरायला दोन मिनिटे लागली. हॅम्बुर्गचे चार दिवस भरायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी जवळजवळ वीस वर्षे वर्गात जे सांगत आलो त्यातले बरेचसे मला मागे घ्यावे लागले. त्याची ही हकिकत.

योजना आणि प्रवास यांचे नाते आपल्याकडे गोडसे भटजींनी कायमचे सांगून ठेवले आहे. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढ्याच हिशेबाने वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली घराबाहेर पडला आणि बंडाच्या ऐन वणव्यात जाऊन पोचला. 'माझा प्रवास' वाचताना आपण वणव्याकडे पाहतो. त्यामागचा तो साधा घरगुती हिशेब विसरतो. माझ्या बाबतीत वणवा ऐंशी वर्षांपूर्वीच विझलेला आहे. मी केवळ हिशेब करायला बसलो होतो.

हॅम्बुर्गच का, असे पत्नीने विचारले. भाच्याने बर्लिन सुचवले होते, म्युनिक सुचवले होते. मी उत्तर दिले, "बोर्खर्टमुळे." ती बँकेतून निवृत्त झालेली, बोर्खर्ट हे नाव तिने माझ्या तोंडून, विशेषतः पेपर तपासण्याच्या दिवसांत, पुष्कळदा ऐकलेले. "तुमचा तो चष्मेवाला?" ती म्हणाली. चष्मेवाला म्हणजे बेकमन, नाटकाचा नायक. पण तिचे फारसे चुकले नव्हते. लेखक आणि पात्र यांत गल्लत करण्याची सवय मीच वर्गाला लावली होती.

वोल्फगांग बोर्खर्ट हा १९२१ साली हॅम्बुर्गमध्ये जन्मला. पुस्तकाच्या दुकानात उमेदवारी, मग नट, मग पूर्व आघाडीवर सैनिक. राजवटीविरुद्ध बोलल्याबद्दल तुरुंगवास. १९४५ मध्ये फ्रेंचांच्या कैदेतून निसटून सुमारे सहाशे किलोमीटर चालत आजारी अवस्थेत घरी. त्याचे 'बाहेर, दारापाशी' या अर्थाच्या शीर्षकाचे नाटक फेब्रुवारी १९४७ मध्ये प्रथम नभोवाणीवर आले. रंगभूमीवर ते हॅम्बुर्गच्या कामरश्पीलं या नाट्यगृहात २१ नोव्हेंबर १९४७ रोजी आले. बोर्खर्ट आदल्या दिवशी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे वारला होता. वय २६.

इंग्रजी अनुवादावरून हे नाटक मी जागतिक नाटकाच्या अभ्यासपत्रिकेत शिकवले. सैबेरियातून तीन वर्षांनी परतलेला बेकमन, डोळ्यांवर वायुमुखवट्याचा चष्मा. बायको दुसऱ्याची झालेली, मूल ढिगाऱ्याखाली गेलेले. तो एल्ब नदीत उडी घेतो. नदी त्याला स्वीकारत नाही, ब्लांकेनेझेच्या वाळूवर आणून टाकते. मग तो एकेका दाराशी जातो. आपल्या कर्नलकडे जाऊन अकरा मेलेल्या सैनिकांची जबाबदारी परत करू पाहतो. एकही दार उघडे राहत नाही. माझे व्याख्यान दरवर्षी एकाच ठिकाणी संपे. उद्ध्वस्त हॅम्बुर्ग म्हणजे आधुनिक मानवाच्या एकाकीपणाचे, ईश्वरविहीन विश्वाचे प्रतीक, असे मी सांगत असे. विद्यार्थी 'अस्तित्ववाद' हा शब्द वहीत अधोरेखित करीत. परीक्षेत तोच प्रश्न येई, तेच उत्तर येई.

१९९४-९५च्या सुमारास मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे आईवडील गावाबाहेर नदीकाठच्या वीटभट्टीवर कामाला होते, हे मला ठाऊक होते. हंगामात तो स्वतःही जाई, त्यामुळे हजेरी कमी भरे. त्याने विचारले, "सर, एवढ्या विटा पडल्या म्हणता, त्या उचलल्या कुणी?"

वर्ग हसला. मीही हसलो असेन. मी म्हणालो, हा प्रश्न नाटकाच्या कक्षेतला नाही. तो खाली बसला. त्याने पुन्हा काही विचारल्याचे मला आठवत नाही.

*

आराखड्याची सुरुवात मात्र प्रसन्न होती. मी पुस्तके काढली, नकाशा भिंतीला लावला. हॅम्बुर्ग हे जर्मनीतील सर्वांत मोठे बंदर आणि बर्लिनखालोखाल दुसरे मोठे शहर. पण ते समुद्रावर नाही. उत्तर समुद्र तेथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. पत्नी मालवणची. हे ऐकून तिचा प्रथम हिरमोड झाला. मग मी वाचून दाखवले की समुद्राची भरती-ओहोटी नदीतून थेट शहरापर्यंत येते, पाणी साडेतीन मीटरच्या आसपास वर-खाली होते. ती तत्काळ म्हणाली, "मग नदी कशाला म्हणता? ती खाडी झाली."

या एका शब्दाने माझी पंचाईत केली. एल्बविषयी मी वर्गात जे सांगितले ते सारे 'नदी' या शब्दाला धरून होते : नदी माता, नदी मृत्यू, नदी विस्मृती. नाटकातली एल्ब तशी बोलत नाही. ती तेलाचा आणि मासळीचा वास मारणारी फटकळ म्हातारी आहे. मरायला आलेल्या तरुणाला ती झापते आणि परत पाठवते. मी पत्नीला तो प्रवेश तोंडी सांगितला. ती म्हणाली, "बरोबरच आहे. ओहोटीने खाली नेला असेल, भरतीने काठाला लावला. खाडी माणूस ठेवून घेत नाही." ब्लांकेनेझे शहराच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या दिशेला आहे, हे मी नकाशात पाहिले. रूपक म्हणून जे मी शिकवत होतो ते त्या शहरातल्या प्रेक्षकांना रोजच्या पाण्याचे ज्ञान म्हणून ठाऊक असणार.

तिची यादी वेगळी होती आणि तीही न्याय्य होती. तिला मासळीबाजार पाहायचा होता. हॅम्बुर्गचा मासळीबाजार १७०३ पासून रविवारी सकाळी भरतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू होऊन साडेनऊला आटोपतो. चर्चची वेळ होण्याआधी विक्री उरकावी, अशी त्यामागची जुनी सोय. म्हणजे चार दिवसांत रविवार आलाच पाहिजे. तिच्या गुडघ्यांमुळे ब्लांकेनेझेच्या टेकडीवरचा पायऱ्यांचा मोहल्ला रद्द. खाली वाळूपर्यंत जाता आले तर पाहायचे. एल्बच्या तळाखालून जाणारा १९११ सालचा बोगदा मात्र चालेल, कारण तेथे माणसांना खाली नेणारे पाळणे आहेत. भाच्याने कळवले, "मामा, बंदराच्या सहलीला पैसे घालू नका. ६२ नंबरची फेरी घ्या, शहराच्या दिवसभराच्या तिकिटातच चालते." हा सल्ला आम्हां दोघांनाही आवडला.

शहराच्या इतिहासाने मला आरंभी चांगलेच हसवले. हॅम्बुर्ग आपल्या बंदराचा वाढदिवस मे महिन्यात थाटाने साजरा करते. ७ मे ११८९ रोजी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने शहराला एल्बवर समुद्रापर्यंत जकातमाफी दिली, त्या सनदेचा तो दिवस. आज उपलब्ध असलेली सनद मात्र तेराव्या शतकात तयार केलेली बनावट आहे, असे इतिहासकार मानतात. वतनाच्या तंट्यात खोट्या सनदा पुढे करणारी आपली माणसे आठवली आणि शहराविषयी आपुलकी वाटली. तेथील व्यापाऱ्यांना जर्मन लोक थट्टेने 'मिरीची पोती' म्हणत, हेही वाचले. ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेली. म्हणजे त्या शहराच्या शिवीतसुद्धा आपल्या समुद्राचा थोडा वास होता.

गुरुवारच्या रकान्यात मी विटांची नगरी लिहिली. श्पायखरश्टाट म्हणजे गोदामांचे शहर. कालव्यांच्या कडेने लाकडी खुंटांवर उभी असलेली तांबड्या विटांची ही बहुमजली गोदामे १८८३ ते १९२७ या काळात बांधली गेली. कॉफी, चहा, मसाले, गालिचे यांत साठवले जात. शेजारीच चिलीहाउस : चिलीच्या सोऱ्यावर श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्यासाठी फ्रिट्झ ह्योगर या वास्तुकाराने १९२४ मध्ये पुरी केलेली, जहाजाच्या नाळेसारखी टोकदार इमारत, ४८ लाख विटांची. दोन्ही मिळून २०१५ साली जागतिक वारसा ठरली. पलीकडे एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह, १९६०च्या दशकातल्या विटांच्या गोदामावर बसवलेली काचेची लाट. शहराच्या तिजोरीवर ७.७ कोटी युरोंचा भार पडेल असे आरंभी सांगितले होते. जानेवारी २०१७ मध्ये ते उघडले तेव्हा तो ७८.९ कोटींवर गेलेला होता. मुंबईकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

गोदामांविषयी वाचताना एका वाक्यावर मी थांबलो. ती बांधण्यासाठी तेथील दाट वस्ती पाडली गेली आणि सुमारे वीस हजार माणसांना हलवले गेले. नंतर १८८८ मध्ये सम्राटाच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या वाक्याच्या समासात मी पेन्सिलीने खूण केली. खूण करताना तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला, असे लिहिणे सोयीचे होईल; पण तो तेव्हा आठवला नाही. तो दुसऱ्या दिवशी आठवला.

*

त्या दुसऱ्या दिवशी मी सेंट निकोलाय चर्चविषयी वाचत होतो. त्याचा १४७ मीटरचा मनोरा १८७४ ते १८७६ जगातील सर्वांत उंच इमारत होता. आज चर्च नाही. मनोरा, काही भिंती आणि तळघर उरले आहे आणि तेथे युद्धस्मारक आहे. वास्तुकाराचे नाव वाचले आणि पुस्तक खाली ठेवले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधले ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर ज्याने लंडनमध्ये बसून आखला, तोच हा. विद्यार्थिदशेत त्या वाचनकक्षात, रंगीत काचांतून येणाऱ्या उजेडात, मी कितीतरी दुपारी काढल्या आहेत. जर्मन नाटकाविषयीची पहिली टिपणेही तेथेच काढली. ज्या हाताने ते छप्पर आखले त्याच हाताने आखलेला मनोरा जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश वैमानिकांना शहर ओळखण्याची खूण म्हणून उपयोगी पडला, असे सांगतात.

त्या मोहिमेचे नाव होते गोमोरा. २४ जुलै ते ३ ऑगस्ट १९४३. त्यातही २७-२८ जुलैची रात्र. कोरडी, उष्ण हवा, दाट कामगारवस्ती, हजारो आगी एकत्र येऊन उठलेले अग्निवादळ. हामरब्रोक, रोटेनबुर्ग्सओर्ट हे पूर्वेचे मोहल्ले त्या रात्रीत संपले. मृतांची संख्या ३५ हजारांच्या आसपास धरतात. सुमारे नऊ लाख माणसे शहर सोडून गेली. लेखक हान्स एरिख नोसाक याने हे सारे शहराबाहेरून पाहिले आणि त्याच वर्षी लिहून काढले; युद्धोत्तर जर्मन साहित्याने या विध्वंसावर एवढे मौन का पाळले, असा प्रश्न झेबाल्डने १९९९च्या पुस्तकात विचारला तेव्हा नोसाकचा अपवाद त्याने आवर्जून नोंदवला. ही दोन्ही नावे मी वर्गात घेत असे. विध्वंस, मौन, अपवाद : व्याख्यानाला आकार छान येई.

आणि मग, बेकमन ज्या ढिगाऱ्यांतून चालतो ते नेमके कोणते, हे नकाशावर शोधताना, मला त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

शहराच्या आग्नेयेला, शेतांच्या सपाट मुलखात, नॉयेनगामे येथे बंद पडलेला एक वीटकारखाना होता. डिसेंबर १९३८ मध्ये एस.एस.ने तेथे छळछावणी उघडली. १९४० साली हॅम्बुर्ग शहराने एस.एस.च्या कंपनीशी करार केला, दहा लाख मार्कांचे कर्ज दिले. बदल्यात एल्बच्या काठावर जे भव्य नवे नगर उभे करायचे होते त्यासाठी विटा मिळणार होत्या. नवा मोठा वीटकारखाना कैद्यांनी बांधला. माती कैद्यांनी खणली. विटा वाहून नेण्यासाठी नदीचा फाटा रुंद केला तोही त्यांनीच. युरोपभरातून आणलेले ८० हजारांहून अधिक पुरुष आणि १३ हजारांहून अधिक स्त्रिया या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत होत्या. किमान ४२,९०० मेले.

जुलै १९४३ नंतर शहरातले ढिगारे उपसायला, न फुटलेले बॉम्ब काढायला, प्रेते बाहेर काढायला याच कैद्यांना नेण्यात आले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये आउश्वित्झहून सुमारे एक हजार ज्यू स्त्रिया आणून बंदरातल्या एका गोदामात ठेवल्या. त्यांनाही ढिगारे उपसण्याचे काम होते. गोदाम विटांचेच. ते अजून उभे आहे.

विटा भाजल्या कुणी आणि पडलेल्या विटा उचलल्या कुणी, या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर होते. आणि तो मुलगा ज्या कामात वाढला होता त्या कामामुळेच त्याला तो प्रश्न सुचला होता. भट्टीवरच्या माणसाला वीट दिसली की हात दिसतात. मला प्रतीक दिसत होते.

*

यात बोर्खर्टचा दोष काढणे सोपे आहे आणि ते चुकीचे आहे. मी नाटक पुन्हा काढले. त्यातला एक प्रवेश असा आहे : बेकमन आईवडिलांच्या दाराशी जातो, दारावर परक्याच्या नावाची पाटी असते. त्या घरात राहणारी क्रामरबाई त्याला गप्पांच्या ओघात सांगते की म्हाताऱ्याचे ज्यूंच्या बाबतीत जरा अतीच होते. युद्ध संपल्यावर नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेले, घर गेले. मग दोघांनी गॅस सोडून जीव दिला आणि आता ती ओल्सडॉर्फच्या स्मशानात आहेत. तिला हळहळ वाटते ती वाया गेलेल्या गॅसची, तेवढ्यात महिनाभराचा स्वयंपाक झाला असता म्हणून. सव्विसाव्या वर्षी मरणाऱ्या, आठ दिवसांत नाटक लिहिणाऱ्या या तरुणाने स्वतःच्या नायकाच्या बापाला निष्पाप ठेवलेले नाही. नायकाचे घर कशामुळे गेले, हे त्याने शेजारणीच्या तोंडी घालून सांगितले आहे. कैदी नाटकात नाहीत, हे खरे. पण त्यांच्याकडे जाणारे दार त्या प्रवेशात किलकिले आहे.

आणि हा प्रवेश मी दरवर्षी घाईने उरकत असे. त्यात मला 'विनोदी विसावा' दिसे. तास संपत आलेला असे, ईश्वर नावाच्या म्हाताऱ्याच्या प्रवेशासाठी वेळ राखून ठेवायचा असे. प्रश्नपत्रिकेत क्रामरबाई कधी आली नाही. ती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांत अनेकदा मीही होतो.

नाट्यगृहाची गोष्टही मी अर्धीच सांगत असे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या रात्री पडदा उघडला, यातला चटका मी वर्गाला पुरेपूर देई. ती वास्तू १९४१ पर्यंत ज्यूंच्या सांस्कृतिक संघाचे नाट्यगृह होती आणि १९४५ मध्ये तेथे कामरश्पीलं सुरू करणारी नटी इडा एरं ही स्वतः कैदेतून वाचलेली ज्यू स्त्री होती, हे मी सांगितले नाही, कारण ते शोधण्याची गरज मला वाटली नव्हती. म्हणजे घरी परतलेल्या जर्मन सैनिकाचे हे दुःख पहिल्यांदा रंगमंचावर आणले ते जिला त्याच शहराने बंदिस्त केले होते अशा स्त्रीने. एवढी एक वस्तुस्थिती हाताशी असती तर माझे व्याख्यान एकाकीपणाच्या प्रतीकापाशी थांबले नसते.

छावणीच्या जागेचे पुढे काय झाले, तेही वाचले. १९४८ मध्ये शहराने तेथे तुरुंग सुरू केला. छावणीतून वाचलेल्यांना स्मारकासाठी कितीतरी वर्षे झगडावे लागले. प्रथम एक स्तंभ, पुढे एक स्मारक, १९८१ मध्ये कागदपत्रांचे दालन. आजचे मोठे स्मारकस्थळ २००५ साली उघडले आणि शेवटचा तुरुंग तेथून २००६ मध्ये हलला. मौनाविषयी मी नोसाक आणि झेबाल्ड यांची नावे घेऊन बोलत होतो तेव्हा त्या जागेवर तुरुंग चालू होता.

*

मी शुक्रवारच्या रकान्यात 'नॉयेनगामे' लिहिले. आणि लगेच शीर्षकावर नजर गेली : प्रेक्षणीय स्थळ.

हा शब्द तेथे लागू पडत नाही, हे पत्नीच्याही लक्षात आले. "हे यात कसं लिहिणार?" तिने विचारले. आपल्याकडे सहल आहे, यात्रा आहे, दर्शन आहे, अंत्यदर्शन आहे. जेथे आपले कोणी मेलेले नाही आणि ज्यांनी मारले तेही आपले कोणी नाहीत, अशा जागी जाण्याला शब्द नाही. मग जायचे कशाला? परक्याच्या दुःखाला तिकीट काढून भेट देण्याचा प्रकार मला आवडत नाही. तेथे तिकीट नाही, प्रवेश विनामूल्य आहे, एवढ्याने तो प्रश्न सुटत नाही.

याच सुमारास भाच्याने अभिमानाने एक माहिती पाठवली. ११ सप्टेंबर १९४२ रोजी हॅम्बुर्गमध्ये, आल्स्टर तलावाकाठच्या हॉटेल अटलांटिकमध्ये, सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत जर्मन-भारतीय संस्थेचे उद्घाटन झाले आणि त्या वेळी वाद्यवृंदाने 'जन गण मन' वाजवले. राष्ट्रगीत म्हणून ते वाजण्याचा तो पहिला प्रसंग मानला जातो. पत्नीचे डोळे भरून आले. माझेही आले, हे कबूल करतो. आम्ही गुरुवारची संध्याकाळ त्या हॉटेलसमोरच्या काठासाठी राखली. रात्री मात्र तारीख मनात घोळत राहिली. सप्टेंबर १९४२. त्याच महिन्यात, त्याच शहराच्या कडेला, नव्या वीटकारखान्याचे बांधकाम चालू होते. हे लिहिताना नेताजींचा न्याय करण्याचा माझा हेतू नाही. पारतंत्र्यात मदत मागणाऱ्याच्या अडचणी मला आरामखुर्चीतून मोजायच्या नाहीत. माझा प्रश्न माझ्या तक्त्यापुरता आहे. गुरुवारी संध्याकाळी आपण तेथे उभे राहून ऊर भरून घेणार असू, तर शुक्रवारी सकाळी बर्गेडॉर्फपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जाणे टाळता येणार नाही. एका शहरातून आपल्याला हवे तेवढेच उचलायचे, हे मी नाटकाच्या बाबतीत एकदा करून चुकलो आहे.

पत्नीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "जाऊ या. पण त्या दिवशी दुपारी काही ठेवू नका. तिथून आल्यावर खोलीवरच बसू."

शनिवार ओल्सडॉर्फला. १८७७ मध्ये उघडलेले हे स्मशान ३८९ हेक्टरांचे आहे; आतून शहराच्या बसगाड्या धावतात. बेकमनचे आईवडील कल्पनेत तेथे आहेत आणि बोर्खर्ट खरोखर तेथे आहे. गोमोराच्या मृतांची सामूहिक थडगीही तेथेच आहेत. मधोमध गेर्हार्ड मार्क्स या शिल्पकाराने १९५२ मध्ये पुरे केलेले शिल्प आहे, मृतांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचे. छायाचित्रात पाहिले, नावेतली माणसे गप्प बसली आहेत. त्यांत लहान मुलेही होती, हे मी शुक्रवारनंतरही विसरू इच्छित नाही. एका हिशेबाने दुसरा पुसला जातो, असे मला वाटत नाही. म्हणून दोन दिवस वेगळे ठेवले.

रविवारी पहाटे मासळीबाजार. तो दिवस तिचा आहे. भावाची घासाघीस होते की नाही, याची तिला उत्सुकता आहे.

*

येथे वाचणाऱ्यांत शिकवणारे आणि शिकणारे पुष्कळ आहेत, म्हणून एक सांगतो. यंदा कोणी हे नाटक वर्गात घेणार असेल तर क्रामरबाईचा प्रवेश घाईने उरकू नये. शक्य झाल्यास सुरुवात तेथून करावी. आणि मागच्या बाकावरून नाटकाच्या कक्षेबाहेरचा प्रश्न आलाच, तर तास संपण्याआधी त्याच्यासाठी पाच मिनिटे काढावीत. मला त्या मुलाचे नाव आठवते, गाव आठवते. तो आता कोठे आहे ते ठाऊक नाही. त्याला द्यायचे उत्तर तीस वर्षे उशिरा सापडले आहे.

तक्ता काल पाठवला. तिसऱ्या रकान्याचे शीर्षक बदलून मी नुसते 'स्थळ' केले आहे. व्हिसा कचेरीला त्याने काही फरक पडू नये. रात्री भाच्याचा निरोप आला, "मामा, शुक्रवार दुपार रिकामी दिसतेय. छोट्या रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन टाकू का? मामीला आवडेल."

मी कळवले, "नको. ती तशीच असू दे."